मे महिन्यात संगीत नाटक बसवायचं तर

गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातल्या मंडळींनी पौराणिक नाटक करायला घ्यायचं आणि त्याचा पार बोजवारा उडायचा, एवढाच त्याचा विषय. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सोसायटीचं, मंडळाचं किंवा शाळेचं नाटक बसवलंय, त्यांना त्यातलं काहीच अतिशयोक्त वाटत नाही. हौशी नाटकात नाटकाचा त्रास सगळ्यात कमी असतो. खरा त्रास असतो तो माणसांचा, जागेचा आणि वेळेचा. त्यात गाणी आली की पेटी, तबला, माइक आणि गळे आले. वर मे महिना आला की घाम, लग्नं, गावाला जाणं आणि पाणीकपात.

वर्सोव्यात, म्हणजे मूळच्या वेसाव्यात, या यादीत आणखी भर पडते. एका बाजूला कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला यारी रोड आणि सात बंगल्याच्या सोसायट्या, मध्ये ऑडिशनवाल्यांनी गजबजलेलं आराम नगर. या सगळ्यांतून माणसं जमवून संगीत नाटक उभं करता येतं. मात्र 'सगळे रोज वेळेवर येतील' हे गृहीत धरून नव्हे, तर 'रोज कोणी ना कोणी नसणारच' हे गृहीत धरून. ही गैरहजेरी नाटकाच्या निवडीत, भूमिकांच्या वाटपात आणि तालमीच्या रचनेत आधीच कशी बसवायची, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी कालनिर्णय, मग संहिता

पहिली बैठक मार्चच्या मध्यावर घ्या आणि तिथे संहिता नेऊ नका, तिथी दाखवणारं कॅलेंडर न्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात गावाला जाणाऱ्यांची तिकिटं मार्चमध्येच निघतात. 'मे महिन्यात येणार ना?' या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी 'तिकीट कधीचं काढलंय आणि परतीचं कधीचं?' असं विचारा. खरं उत्तर मिळतं.

मुलांच्या सुट्ट्याही एकसारख्या नसतात. राज्य मंडळाच्या शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, मग मेमध्ये सुट्टी लागते. एकाच इमारतीतली दोन मुलं एकाच आठवड्यात मोकळी नसतात. प्रत्येकाच्या शाळेची तारीख वेगळी लिहून घ्या.

कोळीवाड्यातले कलाकार असतील तर वाराऐवजी तिथी बघा. डोळ जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं तेव्हा बोटी कामावर असतात. अष्टमीच्या आसपास भांग लागतो, पाण्याची ओढ कमी होते आणि माणसं जरा मोकळी होतात. महत्त्वाच्या उभ्या तालमी भांगात ठेवा. 'दर मंगळवारी आणि गुरुवारी' असं वेळापत्रक नाखव्याला दिलं, तर तो मान डोलावेल आणि येणार नाही. त्यात त्याचा दोष नाही.

प्रयोगाची तारीख हा सगळ्यात मोठा निर्णय. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. मेअखेरीस शेवटच्या फेऱ्या, मग बोटी वर ओढणं, शाकारणं. हे आटोपलं की हात मोकळे होतात. तोवर गावाला गेलेली मंडळी परतू लागतात, लग्नसराई ओसरते आणि राज्य मंडळाच्या शाळा अजून उघडलेल्या नसतात. म्हणून प्रयोग जूनच्या पहिल्या किंवा दुसऱ्या शनिवार-रविवारी, बंद सभागृहात ठेवावा. तालमी एप्रिलच्या मध्यापासून. सात-आठ आठवडे पुरतात.

कोणतं नाटक, आणि कोणाच्या परवानगीने

सोपा रस्ता आधी सांगतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचा स्वामित्वहक्क संपतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये, राम गणेश गडकरी १९१९ मध्ये, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये. यांच्या मूळ संहिता कोणालाही करता येतात. त्यातही देवलांचं 'संशयकल्लोळ' हौशी संचाला फार सोयीचं: घरगुती प्रसंग, हलकाफुलका विषय, अवजड नेपथ्य नाही आणि गैरसमजाच्या विनोदाला भाषांतर लागत नाही. जुनी नाटकं आहेत तशी मात्र करू नका. 'सौभद्रा'त शंभराच्या वर पदं आहेत. दोन तासांचा प्रयोग करायचा तर दहा-बारा पदांवर थांबा आणि कथा पुढे नेणारी पदंच ठेवा.

अलीकडच्या लेखकाचं नाटक घ्यायचं तर लेखी परवानगी आणि प्रयोगाचं मानधन हे आधी. कॉपीराइट कायद्यात (१९५७) हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण 'देणगी प्रवेशिका' विकल्यावरही ही सूट लागू राहील असं धरून चालू नका. शिवाय ही सूट जिवंत सादरीकरणाची आहे. तयार ट्रॅक वाजवायचा असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. गाजलेल्या सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले म्हणून चाल आपली होत नाही.

वर्सोव्यातलं नाटक म्हटल्यावर कोळीगीतांचा मोह होणारच. 'वेसावकर आणि मंडळी'ने इथली गाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक वरातीत पोहोचवली. पण ती गाणी कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी चाल लावलेली आहेत. 'लोकगीतच तर आहे' म्हणून उचलू नका. त्यापेक्षा कोळीवाड्यातल्या जाणत्या बायकांकडे, लग्नगीतं गाणाऱ्या एखाद्या धवलारणीकडे जा. लग्नविधीतली पारंपरिक गाणी त्यांच्याच तोंडून शिका, त्यांचं नाव श्रेयनामावलीत घाला आणि मानधनाचं पाकीट द्या. 'मावशी, जरा दोन ओळी सांगा ना' यावर काम भागवणं ही फुकटेगिरी झाली.

भूमिका वाटताना: कणा वृंदाचा ठेवा

'संगीत देवबाभळी' (२०१७) दोन अभिनेत्रींच्या बळावर उभं आहे. प्राजक्त देशमुखांचं हे नाटक पाहून अनेक हौशी संचांना वाटतं, आपणही दोन-तीन पात्रांचं काहीतरी करू, तालमी सोप्या जातील. व्यावसायिक संचाला ते शोभतं. मे महिन्यात हौशी संचातल्या दोघांपैकी एकाला ताप आला की प्रयोग रद्द.

उलट १९७२ चं 'घाशीराम कोतवाल' आठवा. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात माणसांची एक रांग हाच पडदा, हीच भिंत, हीच गर्दी आणि हाच गाणारा वृंद. हौशी दिग्दर्शकाने त्यातून उचलायची ती ही रचना. बारा जणांच्या रांगेत एके दिवशी नऊच आले तरी भिंत उभी राहते. म्हणून गाण्याचा आणि हालचालींचा जास्तीत जास्त भार वृंदावर टाका, प्रमुख पात्रांवर कमीत कमी.

दुसरं, दोन प्रयोग ठरवा आणि प्रमुख भूमिकांचे दोन संच करा. 'संशयकल्लोळ' करत असाल तर शनिवारची रेवती रविवारी वृंदात, रविवारची शनिवारी. कोणी आजारी पडलं तर दुसरी तयारच असते. 'डबल कास्ट'मुळे मानापमान होतील ही भीती असेल तर पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर नियम सांगा, चिठ्ठ्या टाकून वार ठरवा आणि तो विषय तिथेच संपवा.

तिसरं, लहान मुलांच्या जोड्या लावा. जोडीतल्या प्रत्येकाला दुसऱ्याचेही संवाद पाठ हवेत. मुलं हे आनंदाने करतात. त्यांचे पालकच 'माझ्या मुलाच्या वाक्यांचं काय' म्हणून फोन करतात, त्याची तयारी ठेवा. मराठीत मे महिन्याच्या सुट्टीला बालनाट्याची जुनी सोबत आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' करून त्या चळवळीला बळ दिलं. मुलांना रंगमंचावर नुसतं शोभेपुरतं उभं केलं की ती कंटाळतात आणि गोंधळ घालतात. प्रत्येक मुलाला एक काम द्या: कोणी खुर्ची हलवेल, कोणी घंटा वाजवेल, कोणी गाण्याची पहिली ओळ धरेल.

चौथं, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने जागांच्या खुणा करा आणि त्यांना आकडे द्या. हालचाल आकड्यांची बसवा, माणसांची नव्हे. 'समीर डावीकडून येईल' असं न म्हणता 'चार नंबर डावीकडून येईल' म्हणा. समीर सावंतवाडीला असला तर त्या दिवशी चार नंबरवर दुसरं कोणी उभं राहतं आणि तालीम थांबत नाही.

पट्टी, तबला आणि ट्रॅक

पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वच्छ स्वर वहीत लिहून ठेवा. साधारणपणे पुरुष काळी एक-दोनला गातात, बायका काळी चार-पाचला. वृंद मिश्र असेल तर काळी एक किंवा काळी दोन धरा. चाल मध्य षड्ज ते तार षड्ज या सप्तकात राहत असेल तर पुरुष त्यांच्या सप्तकात आणि बायका वरच्या सप्तकात, दोघांनाही ती झेपते. चाल मंद्र पंचमापर्यंत उतरली की बायकांचा आवाज बसतो. तार गंधारापर्यंत चढली की पुरुष ओरडू लागतात. अशा ओळी वेगळ्या काढून ज्यांना जमतात त्यांनाच द्या. चाल बिघडवण्यापेक्षा आवाज वाटून घेणं बरं.

एका तबल्याची सुरात लागण्याची मर्यादा लहान असते. काळी चारचा तबला काळी एकला उतरत नाही. म्हणून गाण्यांच्या पट्ट्या दोनपेक्षा जास्त ठेवू नका आणि तबलजींना दोन्ही आधी सांगा. वर्सोव्याच्या दमट हवेत पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. तुम्ही महिनाभर त्या उतरलेल्या तबल्याची सवय करून घेता. प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृहाच्या एसीत हवा कोरडी असते, पुडी ताणली जाते आणि तबला चढतो. नांदी संपेपर्यंत पेटी आणि तबल्याचं भांडण सुरू झालेलं असतं. यावर उपाय एकच: तबला आणि ढोलकी प्रयोगाच्या तासभर आधी रंगमंचावर, एसी सुरू असताना, पिशवीतून काढून ठेवायची आणि अगदी शेवटी सुरात लावायची.

प्रत्येक गाण्याची दोन ध्वनिमुद्रणं गटावर टाका: एक शब्दांसह, एक नुसत्या पेटी-तबल्याचं. मोबाइलवर केलेलं चालतं. गावाला गेलेल्यांना रोज एक गाणं म्हणून ऑडिओ परत पाठवायला सांगा. यातून पाठांतर होतंच, शिवाय कोण बेसूर जातंय ते परत येण्याआधी कळतं.

दोन तासांची तालीम

संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ बहुतेकांना जमते. रविवारी सकाळी सात ते नऊ. रविवारी दुपारी तालीम ठेवली की मेगाब्लॉक आणि ऊन दोन्ही आडवे येतात. घाटकोपर, अंधेरी पूर्वेकडून येणाऱ्यांना मेट्रो थेट आहे, पण वर्सोवा स्थानक गावठाणापासून लांब. पुढच्या रिक्षाचा वेळ धरूनच त्यांना बोलवा.

पहिली पंधरा मिनिटं स्वरांचा सराव, सगळ्यांनी मिळून. मग चाळीस मिनिटं गाणी. दहा मिनिटं पाणी. पंचेचाळीस मिनिटं एकाच प्रवेशाची उभी तालीम. शेवटची दहा मिनिटं त्या दिवशी जे केलं ते न थांबता एकदा. गाणी आधी आणि प्रवेश नंतर, यामागे कारण आहे: उशिरा आलेला माणूस चालू गाण्यात गुपचूप मिसळू शकतो, चालू प्रवेशात नाही. त्यामुळे कोणाची वाट बघत बसावं लागत नाही आणि वेळेवर आलेल्यांचा अपमान होत नाही.

जागा ठरवताना दोन गोष्टी तपासा. पंखा लावल्यावर मागच्या रांगेला शब्द ऐकू येतात का, आणि त्या आठवड्यात शेजारी कोणाची हळद आहे का. कोळीवाड्यातल्या हळदीच्या बँडसमोर तुमच्या पेटीचा निभाव लागणार नाही. लग्नघरं कोणती ते आधी विचारून घ्या आणि त्या रात्री बैठी तालीम दुसरीकडे, कोणाच्या तरी घरात ठेवा. आणि हो, बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांच्या वासावरून संचात नाक मुरडणं पहिल्याच दिवशी बंद करा. ज्यांचं पोट त्यावर चालतं ते तुमच्या वृंदात उभे आहेत.

एक तालीम पूर्णपणे विजेशिवाय घ्या: माइक नाही, ट्रॅक नाही, दिवे नाहीत. वीज गेली तर प्रयोग किती पुढे जाऊ शकतो ते कळतं आणि आवाज फेकण्याची सवयही लागते.

ऊन, पाणी, घसा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने चौदा माणसं गेली. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तापमानाच्या आकड्यावरून धोका कळत नाही. नाचाचा सराव सूर्य मावळल्यावरच. एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे मिश्रण प्रत्येक तालमीला करून ठेवा. कोणाचा घाम थांबून कातडी गरम लागली, बोलणं असंबद्ध झालं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी टाका आणि १०८ ला फोन करा. 'थोडं बसलास की बरं वाटेल' म्हणत वेळ घालवू नका.

तलावांतला साठा खालावला की महापालिका पाणीकपात करते. २०२४ मध्ये ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के होती. सोसायटीच्या हॉलचा नळ चालेलच असं नाही, म्हणून प्रत्येकाची बाटली आपापली आणि वर वीस लिटरचा एक जार मंडळाचा.

गायकांनी तालमीआधी तळलेलं आणि बर्फाचं टाळावं. ताक, कोकम सरबत चालेल, गार नको. कपड्यांचं बोलायचं तर रंगीत तालीम पूर्ण पोशाखात, पंखे बंद करून एकदा घ्या. सुती नऊवारी आणि सिंथेटिक जरीचा अंगरखा यांतला फरक पहिल्या गाण्यानंतरच कळतो. नाचणाऱ्यांचे सदरे दोन-दोन हवेत. चेहऱ्यावरच्या रंगाचा थर पातळ ठेवा. जाड थर दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत ओघळतो.

मोकळ्यावर की सभागृहात

समुद्राकाठी रंगमंच ही कल्पना दिसायला छान. पण किनाऱ्यावर सीआरझेडचे (किनारपट्टी नियमन क्षेत्राचे) नियम लागू, परवानग्यांची रांग लांब, भरती आपल्या वेळापत्रकाने येणार आणि वाऱ्यात माइकवर नुसती घरघर. शिवाय हवामानाचा भरवसा नाही. १३ मे २०२४ च्या वादळी वाऱ्यात घाटकोपरचं होर्डिंग कोसळून सतरा माणसं गेली. बांबूच्या कमानीवर ताणलेला फ्लेक्स हे छोटं होर्डिंगच असतं. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. सोसायटीच्या आवारातच करायचं ठरलं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, नेपथ्य कमरेच्या उंचीपेक्षा वर नेऊ नका आणि ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होईल अशा बेताने प्रयोग सुरू करा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत (२०००) उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा मनाई आहे.

जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती तालमी सुरू होण्याआधीच पाठवा. पोलीस ठाण्याची आणि महापालिकेच्या के-पश्चिम विभाग कार्यालयाची कोणती परवानगी लागेल ते जागा ठरली की लगेच विचारा. या धावपळीसाठी नाटकात काम न करणारा एक माणूस नेमा. दिग्दर्शकाने ही कामं अंगावर घेतली की तालीम बुडते.

प्रयोगाचा दिवस

नाट्यगृह सत्रावर मिळतं. नेपथ्य लावणं आणि काढणं त्या वेळेतच येतं. पाऊण तासात उभं राहील एवढंच नेपथ्य ठेवा. कॉर्डलेस माइकना प्रत्येक प्रयोगाला नव्या बॅटऱ्या घाला. कपड्यावर लावलेला माइक घामाने दगा देतो, म्हणून तो केसांच्या रेषेत लावा. पैसे कमी असतील तर चार फूट-माइक आणि फेकून बोलणारा संच हे जास्त भरवशाचं.

तिसरी घंटा जाहीर केलेल्या वेळेलाच द्या, पाहुणे रस्त्यात अडकले असले तरी. पाहुण्यांची भाषणं मध्यंतरात घ्या, सुरुवातीला नकोत. घामेजलेला वृंद विंगेत उभा असताना दीपप्रज्वलन लांबलं की पहिल्या गाण्याचा जोर तिथेच जिरतो. साथीदारांच्या मानधनाची पाकिटं प्रयोगाआधी तयार ठेवा आणि पडदा पडल्यावर आधी ती वाटा. फोटो, सत्कार, जेवण त्यानंतर. पुढच्या उन्हाळ्यात नट कोणीही मिळतात, पण तालमीला नेमाने येणारा तबलजी दुसऱ्यांदा 'हो' म्हणतो का, यावर तुमचं पुढचं संगीत नाटक अवलंबून आहे.